आतल्या खोलीपर्यंतची वायर

बाजारात झेंडू दिसायला लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. वाटो बापडं. मनवेलपाड्याच्या नाक्यावर रिक्षांच्या रांगेला खेटून गोणपाटावर पिवळ्या-केशरी राशी लागतात. पूर्वेच्या भाताच्या गावांतून आलेल्या बायका त्यांवर डब्यातून पाणी शिंपडत बसतात आणि मी भाजीची पिशवी घेऊन जाता जाता नाहक कुणाशी तरी भांडून येते. परवा एकीने हाक मारली, "ताई, आत्ताच पानी मारलंय, बघ कशी ताजी हायेत!" मी म्हटलं, "पाणी मारलंस म्हणूनच वजन वाढलंय, मला काय कळत नाही?" तिचा काय दोष? वर तिने मला दोन फुलं जास्तीची दिली आणि मी ती घेतलीसुद्धा. घरी येऊन पिशवी ओट्यावर आपटली.

हा ऋतूच वाईट. पाऊस गेलेला असतो, पण जाताना सगळी वाफ मागे ठेवून जातो. दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळतात आणि माणूस मात्र दिवसभर ओलाच. समोरच्या मैदानात गरब्याच्या मांडवातले स्पीकर दुपारपासून "हॅलो, चेक, चेक" करत बसतात. घरोघरी जळमटं निघतात. आमच्या आतल्या खोलीतली जळमटं मी काढते, दुसऱ्या कुणाला काढू देत नाही. तिथे टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या पाठीमागून एक करडी वायर निघते, दाराच्या चौकटीवरून हॉलमध्ये येते, देव्हाऱ्याला वळसा घालते आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरपाशी संपते. चार वर्षं झाली, त्या वायरीचा कुणाला उपयोग नाही. माझा नवरा महेश दर दसऱ्याला एकदा विचारतो, "हे भंगारात द्यायचं का आता?" आणि दर दसऱ्याला माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ती वायर आप्पांसाठी होती. आप्पा म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं मराठी टायपिस्ट. माणूस तिरसट. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मी लिहिलेली वाण्याची यादी लाल पेनने तपासून परत दिली होती. मीही काही कमी नव्हते. त्याच यादीतली त्यांची तपकीर मी खोडून टाकली आणि यादी दुकानात धाडली. तेव्हापासून आमचं जमलं, म्हणजे भांडण जमलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. डोकं लख्ख होतं, सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचा नुसता घोगरा आवाज. भेटायला येणारी माणसं त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायची, "आप्पा, ओळखलंत का?" अहो, ओळखलं म्हणूनच तोंड फिरवलंय त्यांनी! माझी नणंद शैलाताई तर त्यांच्यादेखत विचारायची, "काही कळतं का गं यांना?" त्या प्रश्नाचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

सासूबाईंनी देव्हाऱ्यातली घंटा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. "काही लागलं तर वाजवा हो." तिसऱ्या दिवशी त्यांनी ती भिंतीवर फेकून मारली. पोपडा उडाला. घंटा मुकाट्याने देव्हाऱ्यात परत गेली. मला त्यांचं अगदी बरोबर वाटलं. घंटा वाजवली की कुणीतरी धावत यायचं आणि मग चौकशी सुरू. पाणी? पंखा? संडास? दुखतंय कुठे? त्यांनी फक्त मान हलवायची. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं बिनचूक टाइप करणाऱ्या माणसाच्या वाट्याला फक्त हो आणि नाही.

महेशने त्यांच्या हातात मोबाइल दिला. काचेवर कापरं बोट टेकलं की एका अक्षराच्या जागी तीन उमटायची. आप्पांनी मोबाइल उशीखाली सारला आणि डोळे मिटून घेतले. मग एका दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते, तेव्हा पाहिलं की त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर चालताहेत. चाळा नव्हता तो. एक बोट, दुसरं बोट, मध्येच अंगठ्याने जागा सोडायची. माणूस टाइप करत होता, चादरीवर!

मला रडू नाही आलं. राग आला, आणि तो स्वतःचाच. दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही आलं तर ठीक, पण माझ्या? लग्नाच्या आधी आणि नंतर मिळून सहा वर्षं मी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मशीन खोलून दाखवायचं, चार मशीन एकमेकांना जोडून दाखवायची, ती बॅच माझी होती. क्लास बंद पडला आणि मॅडम चुलीपाशी बसल्या. हातातलं सगळं मीच विसरून गेले होते.

महेशचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला होता. दुसरा मिळाला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून. तो बंद होत होता. मालक म्हणाला, "भाभी, ले जाओ, मेरेको तो जागा खाली करनी है." दोन्ही मशीन इतकी जुनी की उघडल्यावर आतून धुळीची गादीच निघाली. एक तर चालू केलं की नुसतं टीं टीं करून ओरडायचं. त्याची रॅमची पट्टी काढली, तिच्या कडेचे पिवळे दात शाळेच्या खोडरबराने घासले, पट्टी परत बसवली आणि ते उठलं. दुसऱ्याच्या आतली गोल बॅटरी मेलेली होती. त्यामुळे भिंतीवरचं बटन बंद केलं की त्याचं घड्याळ पुसलं जायचं. सकाळी चालू केलं की त्याच्या लेखी शून्य वाजून शून्य मिनिटं, तारीख एक जानेवारी, कुठल्या तरी जुन्या वर्षाची. ते मशीन आप्पांना दिलं, कारण त्याचा कीबोर्ड दणकट होता. ती बॅटरी बदलायची मात्र राहूनच गेली.

महेश म्हणाला, "अगं घरात वायफाय आहे, वायर कशाला लोंबकळवतेस?" डोंबल वायफाय! ही मशीन आली तेव्हा ते कुणाच्या घरात होतं? क्लासमधला एक छोटा स्विच माझ्याकडे पडून होता. पाच वायरी जोडायची डबी, बाकी काही नाही. बाजारातून वायर आणली आणि टोकं सोलली. आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. शुभंकरोति एखाद्या दिवशी विसरेन, हे विसरणार नाही. भिंतीला भोक पाडायला सासूबाईंनी साफ नकार दिला, कारण पलीकडे देव्हारा. म्हणून वायर तोरणाच्या खिळ्यांवरून फिरवली. शैलाताई बघून म्हणाली, "शोभा गेली गं हॉलची." मी म्हटलं, "तुमच्या आप्पांची वाचा गेलीय, ते आधी बघा." आठवडाभर अबोला धरला तिने. बरं वाटलं मला.

दोन दिवस मशीन एकमेकांशी बोलेनात. दोघांना पत्ते दिले होते, फक्त शेवटचा आकडा वेगळा, आप्पांचा एक आणि माझा दोन. पिंग करायचं, म्हणजे इकडून तिकडे हाक मारून बघायची. हाक जायची, उत्तर नाही. टोकं कापून परत लावली, स्विच बदडला, महेशला उगाच झापलं. शेवटी ध्यानात आलं की आप्पांच्या मशीनवर फायरवॉल चालू आहे आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक हाकेला ती दारातूनच परत पाठवतेय. ती बंद केली. पिंगला चारच्या चार उत्तरं आली. मी अशी काही "आलं!" म्हणून ओरडले की सासूबाईंना वाटलं दूध उतू आलं.

टाइपरायटरच्या मांडणीची मराठी अक्षरं त्यात घातली. निरोप धाडायचा एक छोटा प्रोग्रॅम दोन्हीकडे बसवला. ते आत टाइप करणार आणि माझ्या फ्रिजशेजारी टिंग वाजणार. टेबल पलंगाला लावलं, त्यांचा डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि मी बाहेर येऊन उभी राहिले. अर्धा तास काही नाही. मग टिंग. पडद्यावर लिहिलं होतं: "विषय : चहा. महोदया, गेले दोन महिने चहात साखर नाही. कळावे."

दोन महिने! दोन महिने हा माणूस अगोड चहा गिळत होता आणि आम्ही "आवडला ना आप्पा?" म्हणून मान हलवून घेत होतो. मी पदर तोंडात कोंबून हसले आणि तशीच आत जाऊन त्यांच्यावर ओरडले, "डॉक्टरांनी बंद केलीय साखर!" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, टक टक सुरू. टिंग तिकडे स्वयंपाकघरात वाजलं. मी परत धावत बाहेर. "ओरडू नये. उत्तर लेखी द्यावे."

त्यानंतर दिवसाला तीस-तीस, चाळीस-चाळीस टिंग. विषय : खिडकी. विषय : शैला फार बोलते. विषय : कालच्या आमटीतील मीठ. विषय : महेशने अंघोळ घालताना कानात पाणी घातले, समज द्यावी. फोडणीत मोहरी तडतडतेय आणि टिंग. पोळी तव्यावर आणि टिंग. कुकरची शिट्टी, दारावर कचरेवाला, वर टिंग. मी पिठाच्या हातांनी टाइप करायचे, भांडायचे, कधी कधी त्या टिंगच्या आवाजानेच जीव नकोसा व्हायचा. गणपतीचे पाहुणे निपटून मी इतकी दमले होते की एक दिवस मीच लिहिलं: "विषय : रजेचा अर्ज. महोदय, मला एक दिवस रजा द्या. एक दिवस हाक मारू नका. कळावे." मग टिंग. "अर्ज नामंजूर. कारण पुरेसे नाही." माझा असा संताप झाला! आणि तेवढ्यात आतून तो घोगरा आवाज आला. ते हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

महिन्याभराने नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासूबाई लांज्याच्या, त्यांच्या माहेरून आलेली ही पद्धत. हत्यारं म्हणजे विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, महेशचा पान्यांचा डबा. सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा विसावा. भाज्यासुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायच्या. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "मीनल, तुझं ते मशीनही ठेव गं पाटावर. सगळ्यांत जास्त तेच राबतं."

मी ठेवलं. माझं मशीन आणि स्विच, दोन्ही. स्विचमधून वायरी काढल्या, त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, झेंडूची माळ घातली. आप्पांचं मशीन बंद केलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून ते सकाळी आठला नेहमीप्रमाणे चालू केलं आणि वर एक फूल वाहिलं. आप्पांना काही सांगितलं नाही.

शैलाताई नालासोपाऱ्याहून सहकुटुंब आली. पुरणपोळ्या झाल्या. टीव्ही चालू, मैदानातले स्पीकर चालू, हॉलमध्ये दहा माणसं. बाराला महेश आत डोकावला, आप्पांना डुलकी लागली होती. किती तरी महिन्यांनी मी गरम पोळी गरम असताना खाल्ली. जेवून चटईवर आडवी झाले. तीनला चहा घेऊन आत गेले तर त्यांचे ओठ निळे पडले होते आणि डावा हात कीबोर्डवर होता. दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी गेले.

"सुटले हो बिचारे," लोक म्हणाले. सुटले! काय माणसं असतात. त्यांना सुटायचं होतं का, हे कुणी लेखी विचारलं होतं? डॉक्टर म्हणाले, "आधी आणलं असतं तरी वाचले असते का, ते सांगता आलं नसतं." तेही चांगुलपणाने म्हणाले असतील. मला तो चांगुलपणा नको होता. शैलाताई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू खूप केलंस गं," आणि मी तिला जोराने दूर केलं.

तेराव्यानंतर मी त्यांचं मशीन चालू केलं. निरोपांच्या प्रोग्रॅममध्ये एक जागा असते, जिथे न पोचलेले निरोप साठतात. तिथे पाच होते. प्रत्येकापुढे एक जानेवारी आणि वेळ. आठला चालू केलेलं मशीन, त्याचं घड्याळ शून्यापासून निघालेलं. तेव्हा चार एक्केचाळीस म्हणजे बारा एक्केचाळीस. हिशेब करायला मला बोटंसुद्धा लागली नाहीत. बारा एक्केचाळीसला: "विषय : पंखा. मोठा करावा." बारा पन्नासला: "छातीत जड वाटते." एकला पाच कमी: "मीनल, छातीत जड." एक वाजून सात मिनिटांनी: "निरोप पोचत नाहीत. वायर बघ." मी तेव्हा तूप वाढत होते. आतल्या खोलीपासून पंधरा पावलांवर.

पाचवाही होता. मी मशीन बंद केलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मग वर्षभर सासूबाईंवर धुसफुसले, त्यांच्या त्या पद्धतीवर, पाटावर, झेंडूवर. त्या आता थकल्यात, माझ्या रागाचं कारण त्यांना ठाऊक नाही, त्या नुसत्या मुकाट्याने विळीला कुंकू लावतात आणि मशीनचं नाव काढत नाहीत. पण वायर काय त्यांनी काढली? त्यांना तर स्विच म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पाटावर नुसतं फूल ठेवूनही पूजा झाली असती. वायर मी काढली. आणि आनंदाने काढली. ती खाचेतून सुटताना टिक असा आवाज झाला, तो ऐकून मला हायसं वाटलं होतं. चला, आज टिंग नाही. हे मी चार वर्षांत कुणापुढे कबूल केलं नाही. झेंडूवालीशी भांडणं सोपं असतं.

यंदा नवमीला सकाळी मी पुरण वाटत होते आणि हॉलमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज आला. बघते तर महेश स्टुलावर उभा, हातात पक्कड, वायर पहिल्या खिळ्यावरून निघालेली. "सणाला हॉल जरा बरा दिसू दे," तो म्हणाला, "भंगारवाल्याला दुपारी बोलावलंय."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या दारात माणसं आली एवढं आठवतं. "हात लावू नकोस! हात लावलास तर बघ!" महेश घाबरून खाली उतरला. "अगं पण झालंय काय? चार वर्षं विचारतोय, सांगत का नाहीस?" मी त्याचा हात धरून त्याला आतल्या खोलीत नेलं, आप्पांच्या पलंगावर बसवलं आणि मशीन चालू केलं. ते उठायला नेहमीसारखी पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मी त्याला सांगितलं. वायर मी काढली. मला रजा हवी होती. एका दमात सांगितलं, रागातच सांगितलं, दुसऱ्या कुठल्या आवाजात मला सांगता आलं नसतं.

महेशने चार निरोप वाचले. मग पाचवा. वेळ पाच पंचवीस, म्हणजे दुपारचा एक पंचवीस. "विषय : मीनलचा रजेचा अर्ज. आज सण आहे. अर्ज मंजूर."

त्यांना कळलं होतं. वायर काढलीय, कुणी काढलीय, कशासाठी काढलीय, सगळं कळलं होतं. छातीत कळ येत असताना त्या माणसाने एका हाताने, एकेक अक्षर शोधून, मला रजा दिली. कुणी सांगितलं होतं? आयुष्यभर एक वेलांटी चुकली तर घर डोक्यावर घेणारा माणूस, माझी वाण्याची यादी तपासणारा माणूस, त्याने त्याच दिवशी का मोठेपणा करावा? चार शिव्या लिहायच्या होत्या. समज द्यायची होती. नामंजूर करायचा होता आप्पा, कारण पुरेसं नव्हतं!

महेशने मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही, हे बरं केलं. उठला, बाहेर गेला, स्टुलावर चढला आणि वायर परत खिळ्यावर अडकवली. भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाला.

मी स्वयंपाकघरात आले. पाटावर विळी होती, खलबत्ता होता, झेंडू होता. मशीन मी पाटावर ठेवत नाही. स्विच जोडला, त्यावरचे दोन हिरवे दिवे लुकलुकायला लागले. आधी पिंग केलं. आतल्या मशीनने चारच्या चार उत्तरं दिली. मग पिठाच्या हातांनी टाइप केलं, दर नवमीला करते तसंच: "विषय : मंजूर रजा रद्द करण्याबाबत. महोदय, मला रजा नको. कळावे."

आत टिंग वाजलं. निरोप पोचला. मी ओट्याला टेकून उभी राहिले, तव्यावरची पोळी करपेपर्यंत. उत्तर आलं नाही. नामंजूर म्हणूनसुद्धा नाही.